बाटली कोणी भरली

९ जानेवारी १९७९, मंगळ. मोका

शाळा उघडायला अजून अवकाश आहे. दुपारभर गोष्टीशी झटापट. खून झालाय, प्रेत बागेत सापडलंय, घरात पाच माणसं आहेत, आणि मी तिथंच अडकून बसलेय. कोणी केलं ते मलाच माहीत नाही. हे जेवताना म्हणाले, "लिहिणारीला ठाऊक नाही तर वाचणाऱ्याने काय करायचं?" हे दिवसभर कचेरीत फायली पुढे सरकवतात, त्यांना सगळ्याचा निकाल लागलेला हवा असतो. पण बोलले ते खरं.

माझ्या पाठच्या भावाला, बाळूला विचारीन. रविवारी माहेरी जायचंच आहे.

१४ जाने., रवि. ब्रीझे वेर्दिएर

बसमध्ये उभ्याने आले. आयने खारा मासा आणि टोमॅटोचा रस्सा, रुगाय, केलं होतं. बापूंचा मोतीबिंदू फार वाढलाय, मला आवाजावरून ओळखलं. ऑपरेशनचं नाव काढलं की उठून अंगणात जातात.

बाळूला गोष्ट सांगितली. तो विळा घासत होता. म्हणाला, "अक्का, तू उलटं करतेस. आदी करनारा ठरव. मेलेला कोन का असंना."

हा आमचा लहानपणापासूनचा नाद. पोर-लुईला, बेटाच्या राजधानीत, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून फ्रेंच, इंग्रजी, मिळेल ती रहस्यकथा आणायची, दोघांनी वाचायची, शेवटच्या प्रकरणाआधी थांबायचं आणि खुनी कोण ते सांगायचं. मी मास्तरीण, तो शाळा अर्ध्यात सोडून उसात गेलेला, पण बरोबर त्याचंच यायचं. आज विचारलं, कसं रे ओळखतोस? तर म्हणे, "जो सगळ्यांशी गोड वागतो तो." मी म्हटलं, मग आपल्या घरात तूच. हसला.

धाकटा विठू आणि बाळू एकमेकांशी बोलत नाहीत. विठूला सगळ्या शेतात तणाचं औषध मारायचं आहे. बाळूने उसाच्या ओळींमध्ये घेवडा लावलाय, औषधाने तो जळेल. त्यावरून जुंपली. बापू कोणाचीच बाजू घेत नाहीत.

बाळूची बायको कमल खूप वाळलीय. ऑक्टोबरात दुसऱ्यांदा पोट रिकामं झालं. त्यावर कोणी बोलत नाही, मीही नाही बोलले. विठूच तिला विहिरीवरून पाणी आणून देत होता. आय ते बघत होती.

२३ जाने., मंगळ.

शाळा सुरू. नव्या वर्गात मराठी घेणारी मुलं थोडी. घरी मराठी बोलता का, तर सगळी क्रिओलमध्ये 'वी', हो, म्हणाली.

गोष्टीत खुनी ठरवला. मोठी बहीण. बाळूला आवडणार नाही.

५ फेब्रु., सोम.

यांच्या कचेरीत विठूचा फोन. बाळू हॉस्पिटलात. काहीतरी प्यायला. शाळेतून तशीच निघते.

६ फेब्रु., मंगळ.

आज नीट लिहिते, काल हात चालला नाही.

रविवारी दुपारी बाळू शेतावरून आला. स्वयंपाकाची पत्र्याची खोली वेगळी आहे, तिथल्या फळीवर लिमोनादची, कोलाची, बाटली होती. तहान लागली होती म्हणून तोंडाला लावली. आत तणाचं औषध होतं. एक घोट गेला, बाकी थुंकला, चूळ भरली. आणि कोणालाही सांगितलं नाही. जेवायला बसला, जेवला नाही. संध्याकाळी ओकला. कमलला वाटलं मासळी बाधली. काल सकाळी जीभ सोलल्यासारखी झाली तेव्हा बोलला.

का सांगितलं नाहीस, असं विचारलं. "वाटलं, थुकून टाकलं म्हंजे झालं."

हॉस्पिटलात त्याला पाण्यात कालवून माती पाजतात. खरोखरची, राखाडी माती. विष तिला चिकटतं म्हणे. तो उशीला टेकून बसलाय, रंग चांगला, फक्त तोंड भाजलंय. मला म्हणाला, "जन्मभर मातीत काम केलं, आता खातोय."

मी हायसं वाटून हसले. मग डॉक्टरने मला आणि यांना बाहेर बोलावलं. पोरगेलासा आहे, फ्रान्समध्ये शिकून आलेला. आधी फ्रेंचमध्ये बोलायला लागला, मग क्रिओलमध्ये. काही दिवस तो असाच बरा दिसेल. मग मूत्रपिंडं. मग छाती आखडत जाईल. यावर औषध नाही.

हे म्हणाले, "पण थोडंसंच गेलंय."

डॉक्टर म्हणाला, थोडंसंच पुरतं.

बाळूला सांगितलंय का, विचारलं. त्याने स्वतःच विचारलं, डॉक्टर म्हणाला. मी खोटं नाही बोललो.

म्हणजे मातीचा विनोद केला तेव्हा त्याला माहीत होतं.

९ फेब्रु., शुक्र.

रजा घेतली. माहेरी राहतेय, इथून हॉ. जवळ.

आज पोलीस सार्जंट आला होता. ओट्यावर खुर्ची दिली. औषध बाटलीत कोणी ओतलं, एवढंच त्याला हवं होतं. मोठा डबा मागच्या छपरात होता, कुलूप नाही. विठू म्हणाला, मी डबा आणला, बाटली मी भरली नाही. आय म्हणाली, बाटल्या कोण बघतो. कमल म्हणाली, मी ती फळीवर पाहिली होती, लिमोनादच वाटलं. बापू घरात कधी क्रिओल बोलत नाहीत, बोलू देत नाहीत. सार्जंटपुढे तेवढंच बोलत राहिले. मो पा कोने. मला नाही माहीत. मो पा कोने.

सार्जंटने बाटली मागितली. आयने सोमवारी सकाळी, बाळू जीभ दाखवायच्या आधीच, सगळ्या रिकाम्या बाटल्या विसळून दुकानात, बुतिकवर, परत पाठवल्या होत्या. राहिलेलं औषध मोरीत गेलं. त्याचा वास येत नाही, रंगही कोलासारखाच. तिला वाटलं शिळं लिमोनाद.

इतकी पुस्तकं वाचली. एकातही आई येऊन बाटली धुऊन ठेवत नाही.

सार्जंट उठता उठता म्हणाला, अपघात दिसतोय. हे त्याने आमच्यावर उपकार केल्यासारखं म्हटलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

१२ फेब्रु., सोम.

बाळूला कावीळ. लघवी कमी. तरी बोलतो.

त्याच्यासाठी नवं पुस्तक नेलं होतं, मीच वाचून दाखवते. बर्फात अडकलेलं हॉटेल, म्हातारीला विष. विष हा शब्द आला की मी थांबते. तो म्हणतो, "वाच, वाच. पुस्तकातली पटकन मरतात, बरं असतं." मग थोड्या वेळाने, "आनि कोन रडत न्हाय बघ. सगळी आपली इकडून तिकडं प्रश्न विचारीत फिरतात."

मी पुस्तक मिटलं आणि विचारलं. बाळू, तुला माहीत आहे का कोणी भरली?

"तहान लागली व्हती, अक्का."

ते नाही विचारलं.

"नाव घेऊन काय? मी उटून बसनार हाय काय?"

म्हणजे माहीत आहे?

डोळे मिटले. झोपला नव्हता, मला कळतं.

१५ फेब्रु., गुरु.

मी एक भयंकर काम केलं. कागदावर सगळ्यांची नावं मांडली, रविवारी सकाळपासून कोण कुठे होतं ते लिहिलं. विठू फुटबॉलला गेला होता, पण कधी परतला ते आय आणि बापू दोन तऱ्हेने सांगतात. कमल कपडे धूत होती. बापू छपरात बसून दोर वळत होते, म्हणजे डब्याजवळच. आय देवळात, मग घरी. त्यापुढे कारणं लिहायला घेतली. विठूपुढे घेवडा लिहिला. मग कमलपुढे विठू लिहिलं.

हे भेटायला आले होते, त्यांनी कागद पाहिला. ओरडले नाहीत. "ही तुझी आई आहे, हे तुझे वडील आहेत," म्हणाले, आणि घडी घालून माझ्याच हातात दिला. मी चुलीत घातला. पण लिहिलेलं डोक्यातून जात नाही. आज कमलने भाकरी वाढली तेव्हा तिच्या हातांकडे बघत होते.

१८ फेब्रु., रवि.

श्वास लागला. पायरी चढल्यासारखा धापतो, पडल्या जागी.

बापू खाटेच्या कडेला हात फिरवत त्याचा हात शोधत होते. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला नळीतून ऑक्सिजन चालू होता, त्याचा आवाज बापूंना ऐकू येत होता. डॉक्टरला म्हणाले, माज्या पोराला पन लावा. डॉक्टर म्हणाला, या विषात ऑक्सिजन दिला तर छाती जास्त लवकर जळते. बापूंना कळेना. पुन्हा पुन्हा तेच. लावा की, त्या म्हाताऱ्याला लावलंय. विठूने डॉक्टरचा कोट धरला. दोन परिचारकांनी त्याला बाहेर नेलं. बाहेर भिंतीला डोकं टेकून रडत उभा राहिला, मी जवळ गेले तर म्हणाला, "तू जा, अक्का."

रडणं खरं होतं. पण मी तपासत होते, खरं आहे का. भावाच्या रडण्यात मी खोट शोधत होते.

२० फेब्रु., मंगळ.

एकेकच शब्द बोलतो. म्हणाला, शेवट वाच. मधलं सोडून शेवटचं प्रकरण वाचलं. खुनी निघाला म्हातारीचा नेहमीचा डॉक्टर, कारण काय तर तिने तीस वर्षांपूर्वी त्याचा अपमान केला होता. बाळूला हसू आलं. हसताना छातीत कळ आली, कपाळावर घाम.

"एवड्यासाटी?"

मग बऱ्याच वेळाने, "आनि मी म्हटलं मीच, तर तू मानशील?"

मी म्हटलं, नाही मानणार.

"मग का विचारतेस."

कमल पायाशी बसली होती. तिने ऐकलं. पदर तोंडावर घेतला नाही, काही नाही. त्याच्या पावलाला तेल चोळत राहिली.

२२ फेब्रु., गुरु.

दुपारी गेला. शेवटपर्यंत शुद्धीत. आय, कमल, मी. बापूंना मुद्दाम घरी ठेवलं होतं.

२३ फेब्रु., शुक्र.

तपासणी करून प्रेत उशिरा दिलं. घरी आणताना रस्ता शिवरात्रीच्या कावडवाल्यांनी भरलेला, सगळे पांढऱ्यात, ग्रां बासेंच्या पवित्र तळ्याकडे चाललेले. गाडी थांबून थांबून. कावडवाले बाजूला होऊन हात जोडत होते. एकाने खिडकीतून आयच्या हातावर फुलं ठेवली.

आंघोळ घालायला चुलत्यांबरोबर विठू होता. खांद्याला पुढे विठू. अग्नी विठूने दिला. मुलगा नाही म्हणून.

गोष्टींमध्ये पहिल्या पानावर प्रेत असतं, पण त्याला आंघोळ कोणी घातली ते कुठे सांगत नाहीत.

६ मार्च, मंगळ.

तेरावं झालं. सगळं गोत, पितोंहून कमलचे आईवडील. जेवणं झाल्यावर पुढच्या खोलीत सगळे बसलो. बापू, आय, विठू, कमल, मी, हे, चुलता-चुलती, कमलचे आईवडील. दार ओढलेलं. माझ्या मनात आलं, आता या क्षणी पुस्तकात एकजण उठतो. घसा साफ करतो. सगळ्यांची तोंडं न्याहाळत एकेकाला मोकळं करत जातो.

आमच्यात कोणी उठलं नाही. चुलती पत्रावळींचं बोलली. मग कमलच्या वडिलांनी विचारलं, पोरीचं काय करायचं. बापू म्हणाले, ती या घरची हाय.

कमलला कोणी विचारलं नाही.

११ मार्च, रवि.

शाळेत मन नाही. लिहिलेली गोष्ट काढून वाचली. सगळं खोटं. बागेतल्या प्रेताला आई नाही. फाडली नाही, कपाटात वर टाकली.

पोलिसांचा कागद आला, अपघात. हे म्हणाले, झालं, आता सोड.

१ एप्रिल, रवि. मोका

माहेरी आय आणि मी तांदूळ निवडत होतो. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "मीच भरली ती."

मला आधी कळलंच नाही.

"तुळशीभवती हरळी माजली व्हती. डबा जड. म्हटलं बाटलीत थोडं काडून ठेवावं. मग इसरले. फळीवर मीच ठिवली."

सार्जंटला का नाही सांगितलंस?

"कमल हुबी व्हती तितं." मग माझा हात धरला. "बापूस्नी सांगू नको. त्यांना सोसायचं न्हाय."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. घरी येताना बसमध्ये मोकळं वाटत होतं. अपघातच. आयचाच हात, पण अपघात.

मग मोका जवळ आल्यावर आठवलं. तुळशीवर औषध मारायला आय कधी तयार झाली असती? गावात कोणी थुंकलं तरी त्या कट्ट्याभोवती पाणी शिंपडते.

१७ जून, रवि.

ऊसतोड लागलीय. बापू शेतावर जाऊ शकत नाहीत, ओट्यावर बसून ट्रकांचे आवाज ऐकतात. मी जवळ बसले.

"बाय," म्हणाले, "मला दिसत न्हाय हे सगळ्यांस्नी ठावं हाय. तरी मी डब्याला हात लावला."

बोटांनी हवेत डब्याचं बूच फिरवून दाखवलं.

"विठूला पंपात भरायला हवं व्हतं, म्हनून रमच्या बाटलीत काडलं. कुटं ठिवली ते ध्यानात ऱ्हायलं न्हाय. माजं पोर मी मारलं."

लिमोनादची होती, बापू. रमची नव्हती.

"दिसत न्हाय मला," म्हणाले. "बाटली ती बाटली."

आणि मग, अगदी हळू: "आयला सांगू नको. ती जगायची न्हाय."

पुस्तकांत सगळे नाही नाही म्हणतात आणि त्यातल्या एकाला पकडायचं असतं. मी काय करू? या दोघांनी एकमेकांना काही सांगितलेलं नाही. एकाच भिंतीला पाठ लावून बसतात.

यांना सांगितलं. यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "दोघं विठूला वाचवतायत."

किंवा कमलला, मी म्हटलं.

"किंवा बाळूला," हे म्हणाले. "त्याने जाणूनबुजून घेतलं असं कोणी म्हणू नये म्हणून."

मला ते सुचलंच नव्हतं. सुचलं होतं. लिहिलं नव्हतं.

२५ ऑगस्ट, शनि.

उद्या चतुर्थी. यंदा माहेरी गणपती नाही, सुतक. आय आज कुणाच्याच घरी गेली नाही. विठू बोलत नाही. बाळूचा घेवडा त्याने उपटला नाही, तसाच वाळू दिला, ओळींमध्ये काळे वेल पडलेत. शेतात औषधही मारलं नाही. कुदळीने तण काढतो, एकटा.

गावात बोलतात. बुतिकवर मी आत गेले तर गप्प झाले. बाहेर पडताना कमलचं नाव कानावर आलं, मग विठूचं.

१६ मार्च १९८०, रवि.

वर्षश्राद्ध होऊन गेलं. आज चुलता बापूंकडे आला आणि उघड बोलला. कमल तरुण आहे, विठूचं लग्न व्हायचंय, घरची सून घरात राहील. पूर्वी आपल्यात होत असे.

बापू म्हणाले, विचार करू. आयने पाण्याचा तांब्या चुलत्यापुढे जरा आपटूनच ठेवला.

मी स्वयंपाकाच्या खोलीत गेले तर कमल तिथंच, सगळं ऐकलेलं. चुलीत फुंकर घालत होती. म्हटलं, तुझी इच्छा काय? "माजी?" म्हणाली. राखेने डोळे लाल. मग, "अक्का, असं झालं तर लोक म्हनतील बरोबर व्हतं. न्हाय झालं तर म्हनतील भ्याले."

तिला माझ्या मनातलं सगळं माहीत आहे. त्या कागदावर मी काय लिहिलं होतं तेही जणू.

१३ एप्रिल, रवि.

कमल गेली. तिचे वडील येऊन पितोंला घेऊन गेले. विठू दोन दिवस आधीच कामाचं सांगून कुठे निघून गेला होता, तिला निरोप द्यायला नव्हता. ती आयच्या पाया पडली, आयने तिला उठवलं नाही, नुसती बघत राहिली. बापूंच्या पाया पडली तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि काढीनात.

९ नोव्हें., रवि. मोका

विठू आला होता. फ्रान्सला चाललाय, गावचा एकजण तिथे हॉटेलात आहे, तो घेऊन जातोय. नवा कोट, बाह्या लांब. चहा घेतला, हे बाहेर गेले तसा बोलला.

"अक्का, मी भरली."

मी हसले. खरंच हसू आलं, मला थांबवता येईना. तो बघत राहिला.

"खरं सांगतोय. शनवारी. बाळू घेवड्यापायी डब्याला हात लावू देईना, म्हनून थोडं काडून लपवलं. फळीवर न्हाय ठिवली, खाली ठिवली व्हती, पोत्यामागं. वर कोनी ठिवली ते मला ठावं न्हाय."

कोणी ठेवली असेल?

"मो पा कोने."

बाळूला माहीत होतं?

"त्याने मला हॉस्पिटलात बोलावलं व्हतं, एकट्याला. म्हनला, काय बोलू नको. मी म्हटलं, मला सांगू दे. म्हनला, तुज्या एकट्याचं न्हाय ते."

म्हणजे काय, तुझ्या एकट्याचं नाही?

"मी तेच विचारलं. तो खोकायला लागला."

उठला, माझ्या पाया पडला. दारात म्हणाला, आय-बापूकडे बघ. कमलबद्दल एक शब्द नाही. मीच विचारलं, तिला कळवलंस का जातोयस ते? मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

आता तिघं झाली. तिघांनी केलं म्हणतात, आणि मीच म्हटलं तर, असं विचारणारा चौथा गेला. मी कोणावर विश्वास ठेवायचा? विठूचं सर्वांत खरं वाटतं, म्हणून त्याचाच सर्वांत संशय येतो. ही पुस्तकांनी लावलेली सवय. खरं खऱ्यासारखं ऐकूच येत नाही.

१८ जाने. १९८१, रवि.

बापूंचे दोन्ही डोळे गेले. ऑपरेशनची वेळ गेली, डॉक्टर म्हणतो. आयने घरच त्यांच्या हाताशी आणलंय: खाटेपासून पाण्यापर्यंत, मोरीपर्यंत दोर बांधून. विठूचं पत्र नाही.

शेत खंडाने दिलं. दुसऱ्याच आठवड्यात तिथे पाठीवर पंप घेऊन माणसं फिरत होती.

२० जून, शनि. पितों

यांना सांगून एकटीच आले. उत्तरेचा हा भाग सपाट, जिथे बघाल तिथे तुरे आलेला ऊस, हवा कोरडी. घर शोधायला वेळ लागला नाही.

कमल कारखान्यात कपडे शिवते. शनिवारी अर्धा दिवस. बोटांना सुयांचे डाग. अंगाने भरलीय. मला बघून दचकली नाही, खुर्ची पुसली. तिची आई दाराशी उभी राहिली ती हललीच नाही.

बापूंचं सांगितलं, विठूचं सांगितलं. तो गेल्याचं तिला माहीत होतं.

मी मनाशी ठरवून आले होते. सबंध बसभर वाक्य जुळवत होते. म्हटलं, कमल, आयने मला सांगितलं तिने भरली म्हणून. बापूंनी सांगितलं त्यांनी. विठूने सांगितलं त्याने.

"तिघांनी?"

हो.

खुर्ची पुसलेल्या फडक्याची घडी करत राहिली. शेजारच्या घरात रेडिओवर कुणीतरी भोजपुरीत गात होतं.

"मला कोनी विचारलंच न्हाय," म्हणाली. "सार्जंटने इचारलं, बाटली बघितली का. धन्यानं हॉस्पिटलात माज्याकडनं तोंड फिरवलं. तुमी तर माज्या हातांकडं बघायचा, अक्का. विचारलं न्हाय."

म्हणून आले.

"मग विचारा."

सरळ माझ्याकडे बघत होती. राग नव्हता. मला वाटतं, ती खरंच सांगणार होती, जे काय होतं ते. आणि मला कळलं, ती हो म्हणाली तर मी म्हणेन, ही पण कोणाला तरी वाचवतेय. नाही म्हणाली तर म्हणेन, नाही म्हणणारी एकटी हीच, म्हणजे हिनेच. तिचं नुसतं ऐकून घ्यायला माझ्याकडे तिसरा कान नव्हता.

मी विचारलं, कारखान्याची गाडी न्यायला येते का घरापर्यंत.

तिने माझ्याकडे तसंच बघत उत्तर दिलं. नाक्यापर्यंत येते. मग उठून चहा टाकला.

निघताना बसपर्यंत आली. बस सुटेपर्यंत दोघी उभ्या. "परत या," असं काही म्हणाली नाही.

२१ जून, रवि. ब्रीझे वेर्दिएर

आय आणि बापू ओट्यावर. मी पितोंला गेले होते हे यांनी फोनवर शेजाऱ्यांना सांगून टाकलं होतं, त्यामुळे वाटच बघत होते.

"कशी हाय?" आय म्हणाली.

बरी आहे. कामाला जाते.

"काय म्हनली?" हे बापूंनी विचारलं. मान माझ्या बाजूला वळवली, कान पुढे. आय माझ्या तोंडाकडे बघत होती. दोघांच्या मध्ये वीतभर जागा, आणि ती जागा मीच सांभाळायची, एकाचं दुसऱ्यापासून लपवत. त्यांना काय ऐकायचं होतं? तिने केलं, असं? की तिने नाव घेतलं, आणि ते कोणाचं?

चहा दिला, मी म्हटलं. आलं घालून. चांगला होता.

बापूंनी मान परत समोर फिरवली. आय भात टाकायला आत गेली.